मताचा पत्ता

दिवाळीच्या चार दिवसांत मराठी घरांतून जितका फराळ खपतो, त्याहून अधिक मते खपत असावीत. पाहुणे येतात, ताटल्या भरतात, आणि पहिली चकली मोडते न मोडते तोच एखादे मंत्रिमंडळ मोडलेले असते. मग रस्त्यांचे खड्डे येतात, एस. टी. येते, विजेचे बिल येते. आश्विन सरला तरी पंखा लावावा लागतो म्हणून हवामान येते. आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या नातवाकडे बोट करून मोबाईल येतो. शेवटी चहा येतो. चहाबरोबर "काही खरे नाही बघा!" हे वाक्य येते, आणि पाहुणे उठतात.

हे मी थट्टेने सांगत नाही. मराठी गद्याचा सर्वांत मोठा साठा कोठे असेल, तर तो अशा बोलण्यात आहे. आमच्या टीकाकारांनी कादंबरीची चिकित्सा केली, नवकाव्याचा कीस पाडला, लघुनिबंधाचे बारसे केले आणि यथावकाश त्याच्या मृत्यूचे दाखलेही दिले. परंतु ज्या प्रकारात शिपायापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येक जण रोज रचना करतो, त्या 'मत' नावाच्या प्रकाराकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. वास्तविक त्यालाही घाट आहे. त्याचे ठरीव अलंकार आहेत, त्याची परंपरा आहे, त्यात थोर लेखक होऊन गेले आहेत आणि नक्कलकारांची तर गणतीच नाही. म्हणून या लेखात कोणाचे मत बरोबर आणि कोणाचे चूक, हा प्रश्न मी बाजूला ठेवणार आहे. तो निकाल वाचकांनी आपापल्या घरी लावावा. मला पाहायचे आहे ते एवढेच, की मत चांगले केव्हा होते आणि ते पडते केव्हा.

१

प्रथम वाईट मताची ओळख करून घेऊ. कारण ती सोपी आहे.

रोजच्या मतांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिली गर्जना: "सरकार झोपले आहे काय?" दुसरा उसासा: "आमच्या वेळी असे नव्हते." आणि तिसरा निकाल: "सगळे एकाच माळेचे मणी." या तिन्हींत एक गुण समान आहे. त्यांतले कोणतेही वाक्य उचलून नागपुराहून सावंतवाडीला न्यावे, तेथेही ते चपखल बसते. १९६० सालातून उचलून आजच्या सकाळी ठेवावे, तरी त्याला सुरकुती पडत नाही. चिरंतनता हा काव्याचा गुण असेल. मताचा तो दोष आहे. जे वाक्य कोठेही खरे ठरते, ते कोठल्याच खड्ड्याविषयी काही सांगत नाही.

यापुढे जाऊन या मतांचे व्याकरण पाहावे. "रस्ता झाला पाहिजे." "पाणी आले पाहिजे." "भ्रष्टाचार थांबला पाहिजे." "झाडे लागली पाहिजेत." वाक्ये कशी गुळगुळीत आहेत! आपल्या भाषेने येथे आपल्याला एक मोठी सोय करून दिली आहे. रस्ता होतो, पाणी येते, भ्रष्टाचार थांबतो, झाडे लागतात. आणि हे सारे करणारा कोठे दिसत नाही. शाळेत आम्ही कर्ता शोधायला शिकवतो, तो येथे शोधू गेल्यास 'रस्ता' हाच कर्ता निघतो. म्हणजे रस्त्यानेच उठावे आणि स्वतःला व्हावे! 'लागली' आणि 'लावली' या दोन शब्दांत एकाच अक्षराचे अंतर आहे. पण "झाडे लावली पाहिजेत" असे म्हणताच कोणी, कोठे, किती आणि पाणी कोण घालणार, हे प्रश्न दारात उभे राहतात. ते प्रश्न नकोत म्हणून आपण ते एक अक्षर बदलतो.

मताला कर्ता नसला की पत्ताही नसतो. पत्ता या शब्दाने मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. मत कोठून निघाले, कोणत्या गल्लीतून, कोणत्या शेतातून, कोणत्या रांगेतून, हा एक पत्ता. आणि ते कोणाच्या दारी जायचे आहे, हा दुसरा. पत्राच्या पाकिटावर दोन्ही लागतात. वरचे नसले तर उत्तर येत नाही, खालचे नसले तर पत्रच पोचत नाही. चांगल्या मताची पहिली कसोटी हीच, असे मला वाटते. दुसरी कसोटी मापाची. किती, केव्हापासून, किती दिवसांत, हे त्यात असावे. या दोन कसोट्या घेऊन आपण आपल्या परंपरेकडे वळू; कारण ही परंपरा लहानसहान नाही.

२

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले, आणि छापील मराठी मताला पहिले घर मिळाले. पण मत हा प्रकार खऱ्या अर्थाने वयात आला तो १८४८ मध्ये. त्या वर्षी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागला. शतपत्रे म्हणून ती आपण ओळखतो. प्रत्यक्षात ती एकशे आठ आहेत. जपमाळेचा आकडा त्यांना आपसूकच लाभला असला, तरी त्या माळेत भक्तिभाव शोधू नये.

या पत्रांचा दोष प्रथम सांगतो. लोकहितवादी सरसकट बोलतात. एक वर्ग घेतला की तो सारा आळशी, एक शहर घेतले की ते सारे निद्रिस्त. माप हा गुण त्यांच्यापाशी बेताचा आहे. माझ्या दुसऱ्या कसोटीला ते पुरे उतरत नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

परंतु पहिल्या कसोटीला ते असे काही उतरतात, की त्यापुढे बाकीचे उणे विसरावे. ही पत्रे कोणाला लिहिली आहेत? शेजाऱ्याला नव्हे. दूरच्या गव्हर्नरालाही नव्हे. पुण्याच्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसाने पुण्याच्या ब्राह्मणांनाच आपल्या तडाख्यात घेतले. ज्यांच्या पंक्तीला बसायचे, ज्यांच्या घरी सोयरीक करायची, त्यांच्याच दारात त्याने पत्र टाकले. आपल्या फराळाच्या मतांत नेमके हे घडत नाही. आपण नेहमी तिसऱ्यावर बोलतो, आणि तो तिसरा पाहुण्यांत नाही याची खात्री करून बोलतो.

यावर कोणी म्हणेल, की त्यांनी तरी खरे नाव कोठे घातले? घातले नाही. सरकारी नोकरीतला माणूस होता. पण नाव आणि पत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. नाव झाकूनही पत्ता देता येतो. आणि उलट, मोठ्या अक्षरांत नाव छापूनही पत्ता चुकवता येतो, हे आपण सभासंमेलनांतून नित्य पाहतो. शिवाय १८४८ सालीच पुण्यात जे वाचनालय निघाले, ते आजचे पुणे नगर वाचन मंदिर, त्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा मोठा वाटा होता. "लोकांनी वाचले पाहिजे" हे मत ज्या हाताने लिहिले, तोच हात पुस्तकांची कपाटे उघडीत होता. त्यांच्या वाक्याला कर्ता आहे, तो असा.

३

माप पाहायचे तर जोतीराव फुले यांच्याकडे जावे लागते. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ सालचा. तो धर्मचिकित्सा म्हणून वाचला जातो, समाजक्रांतीचा ग्रंथ म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण मी तो आज दुसऱ्याच नजरेने वाचावा म्हणतो. राजकारण, सरकारी खाती, रान-पाणी आणि यंत्रे, म्हणजे आपल्या फराळाच्या गप्पांतले चारही विषय, त्यात आहेत. आणि एकही विषय हवेत सोडलेला नाही.

जंगलखात्याने गुरांची चराई हिरावली, हे फुले सांगतात ते गुराख्याच्या बाजूने. पाटबंधाऱ्यांचे पाणी शेताला वेळेवर आणि बेताने मिळत नाही, हे सांगतात ते कालव्याच्या खालच्या टोकाला उभे राहून. डोंगरउतारावरची सुपीक माती पावसात वाहून जाते, ती अडवायला ताली आणि बंधारे घालावेत, तळी-धरणे बांधावीत, आणि या कामाला फौजेतली नि पोलिसांतली रिकामी माणसे लावावीत, अशी त्यांची सूचना आहे. येथे "माती अडली पाहिजे" असे वाक्य नाही. कोणी अडवावी, कशाने अडवावी, हे आहे. आज आपण पाणलोट, मृदसंधारण असे जड शब्द वापरून जे सांगतो, ते या माणसाने त्या वेळी बांधावर उभे राहून सांगितले.

त्यांना हे साधले ते का? अंगी प्रतिभा होती हे उघड आहे. पण तेवढेच नाही. ते शेतीत होते, बांधकामाच्या ठेक्यांत होते, आणि १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. खडी किती लागते, चुना किती लागतो, ठेकेदार कोठे हात मारतो आणि इंजिनिअर कोठे डोळे मिटतो, हे त्यांनी पाहिले होते. अशा माणसाच्या मताला आपोआप आकडे फुटतात. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा एवढेच म्हटले नाही. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत करा, असे म्हटले. "शिक्षणाचा प्रसार झाला पाहिजे" या वाक्याने कोणत्याही सरकारची झोप मोडत नाही. 'बारा वर्षे' या शब्दांनी मोडते, कारण त्याचे हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते.

फुल्यांची भाषा तिखट आहे, कोठे कोठे अतिशयोक्त आहे, आणि त्यांच्या काही ऐतिहासिक उपपत्ती आज टिकणार नाहीत. हे टीकाकार म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. तथापि बंधाऱ्याचे त्यांचे मत टिकले, आणि ते मापामुळे टिकले, हेही त्याच कर्तव्यात येते.

४

मग ही परंपरा कोठे अडखळली? माझे उत्तर अनेकांना रुचणार नाही. तिला आपल्या विनोदाने लाडावून ठेवले.

१९५१ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' आला. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, त्याची बायकोही बोलते. हा मात्र बोलत नाही. नुसते पाहतो. इंग्रजी वर्तमानपत्रातला असूनही तो आपल्या घरचा झाला; इतका, की पुण्यात आणि मुंबईत त्याचे पुतळे उभे राहिले. नुसते पाहणाऱ्या माणसाचा पुतळा उभारावा, असे आपल्याला वाटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे १९५८ साली पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' आली. तिच्यातली माणसे मंडळे काढतात, शिष्टमंडळे नेमतात, तावातावाने चर्चा करतात, आणि त्यांतून निष्पन्न काय होते ते सर्व रसिकांना ठाऊक आहे. त्याआधी चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने आपल्याला तेच दाखवले होते: मध्यमवर्गीय माणूस, त्याचे भलेमोठे बेत आणि त्यांची भलतीच फजिती.

या तिघांवर माझे प्रेम आहे. ते कमी करण्याचा हेतू नाही. विनोदकाराने आरसा धरला, हा त्याचा गुन्हा नव्हे. परंतु आपण त्या आरशासमोर फारच रमलो. आपल्या हतबलतेचे चित्र इतके लोभस निघाले, की हतबलताच लोभस वाटू लागली. "आपण साधी माणसे, आपले कोण ऐकतो?" हे वाक्य आज कोणी बोलतो, तेव्हा त्याच्या ओठांवर एक समाधानाचे हसू असते. फुल्यांच्या शेतकऱ्याला ते हसू परवडणारे नव्हते, आणि आजच्याही शेतकऱ्याला परवडत नाही.

५

दुसरा आरोपी शाळेत आहे, आणि तेथे मला साक्षीदार म्हणून बोलता येईल.

'विज्ञान: शाप की वरदान?' हा निबंध ज्याने लिहिला नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. त्याची रचना पक्की ठरलेली आहे. पहिल्या परिच्छेदात चाकाचा शोध. दुसऱ्यात वरदान: वीज, औषधे, विमान. तिसऱ्यात शाप: अणुबाँब, प्रदूषण. चौथ्यात, विज्ञान हे दुधारी शस्त्र असून ते वापरणाऱ्याच्या हाती आहे, असा समेट. विज्ञानाच्या जागी दूरदर्शन आले, पुढे संगणक आला, आता मोबाईल आहे, आणि यंत्राच्या बुद्धीवरही हाच निबंध लिहून होतो. त्याचे भावंड म्हणजे पर्यावरणाचा निबंध. त्यात पहिल्याच ओळीत तुकोबांना बोलावतात आणि शेवटच्या ओळीत "एक तरी झाड" लावतात. खड्डा मात्र कोणी खणत नाही.

या निबंधाने आपल्याला समतोल शिकवला, असे म्हणतात. मला वाटते, त्याने समतोलाचे सोंग शिकवले. समतोल राखायला तागड्यात काहीतरी वजन टाकावे लागते. येथे दोन्ही पारडी रिकामी असतात, म्हणून काटा मध्ये उभा राहतो.

याच विषयावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलेली वही माझ्या लक्षात राहिली आहे. तिच्यात चाक नव्हते आणि अणुबाँबही नव्हता. रेशन दुकानातल्या यंत्रावर आजीचा अंगठा उठत नाही, एवढाच तिचा विषय होता. आजीने जन्मभर शेण थापले, भांडी घासली, खुरपे धरले, रेघा झिजल्या. महिन्यात तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन खेपांना ती रिकामी पिशवी घेऊन परतली. तिसऱ्या खेपेला नात बरोबर गेली, नातीचा अंगठा उठला आणि धान्य मिळाले. शेवटी मुलीने लिहिले होते, की यंत्र चांगले आहे, कारण आता आमच्या नावावर दुसरा कोणी धान्य उचलीत नाही. पण ज्याचा अंगठा उठत नाही त्याच्यासाठी दुकानात दुसरी रीत लिहून लावावी, म्हणजे आजीला कोणाला तरी सोबत घेऊन जावे लागणार नाही. वही सव्वा पानाची होती. प्रस्तावना नाही, समारोप नाही. गुणदानाच्या तक्त्यात ती बसत नव्हती. मी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली, आणि मुले गप्प झाली.

या सव्वा पानात काय नाही? मत निघाले त्या घराचा पत्ता आहे. जेथे जायचे त्या दुकानाचा पत्ता आहे. तीन खेपा हे माप आहे. यंत्राच्या बाजूचे वजन आहे आणि विरुद्धचेही आहे. म्हणजे समतोल आहे, आणि तो खरा आहे. तंत्रज्ञानावरच्या जाडजूड परिसंवादांतून जे हाती येत नाही, ते येथे आले. कारण लिहिणारी त्या रांगेत उभी होती.

६

नियमांच्या कागदांतही चांगले गद्य दडलेले असते. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला आणि देशाने २००५ साली. त्याखालच्या अर्जाविषयी राज्याने २०१२ मध्ये एक नियम केला: अर्ज एकाच विषयावर असावा, आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. या नियमावर तेव्हा टीका झाली. एखाद्या गुंतागुंतीच्या प्रकरणात तो जाचक होतो, हे मलाही पटते. पण लेखक म्हणून मी त्याकडे पाहतो तेव्हा मला नवल वाटते. सरकारने नकळत एक वाङ्मयप्रकारच घडवला! एक विषय, दीडशे शब्द, दहा रुपये शुल्क, आणि उत्तराला तीस दिवस. कोणत्या कार्यालयाला, कोणत्या काळातली, कोणती माहिती, हे लिहिल्यावाचून अर्ज पुरा होत नाही. गर्जनेला जागा नाही, उशाशाला नाही, निकालाला तर नाहीच. "तुम्ही रस्त्याचे पैसे खाल्ले" असे त्यात लिहून चालत नाही. "अमुक रस्त्याचे अमुक वर्षीचे मोजमाप पुस्तक दाखवा" असे लिहावे लागते. पहिले वाक्य ऐकून अधिकारी चहा मागवतो. दुसरे वाचून तो कपाटाची किल्ली शोधतो.

या प्रकाराचे सामर्थ्य पश्चिम घाटाच्या बाबतीत दिसले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. तो लोकांपुढे ठेवला गेला नाही. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली, प्रकरण माहिती आयोगापुढे गेले, उच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि २०१२ साली अहवाल खुला झाला. त्यानंतर काय घडले? सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्या अहवालाच्या बाजूची आणि विरुद्धची मते उसळली. आणि त्यांतली बरीचशी तो न वाचताच तयार झालेली होती. एका अर्जाने दार उघडले, पण आत जाऊन पाने उलटण्याची सवय आपल्याला नव्हती. अहवाल ज्या गावांविषयी होता त्या गावांनी तो वाचावा, ग्रामसभांत त्यावर बोलावे, अशी गाडगीळांची अपेक्षा होती. ती पुरी झाली असती, तर विरोधही वेगळ्या दर्जाचा झाला असता.

असे होऊ शकते का, हा प्रश्न रास्त आहे. होते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात त्याची हकिकत सांगितली आहे. या गावात अभ्यासगट चालतो. जंगल, बांबू, कायदा, कोणताही विषय तेथे मांडावा, माहिती गोळा करावी, हवे तर बाहेरचा जाणकार बोलवावा. अभ्यासगटाला निर्णय घेण्याचा अधिकार नाही. तो ग्रामसभेचा, आणि ग्रामसभेतही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. २००९ साली या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. तिला घोषणा म्हणून दाद देतात. मी व्याकरण म्हणून देतो. ज्या वाक्याला आपण पिढ्यान्पिढ्या कर्ता शोधत होतो, त्याला या गावाने 'आम्ही' हा कर्ता दिला.

७

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा, की माणसाने गप्पाही मारू नयेत काय? चकली खाताना मोजमाप पुस्तक घेऊन बसायचे काय? मुळीच नाही. ज्या घरात कोणी मत देत नाही ते घर आजारी समजावे. गर्जना आणि उसासा ही मनाची वाफ आहे. ती जाऊ द्यावी. पण वाफ निघाली म्हणजे स्वयंपाक झाला असे कोणी मानीत नाही. माझे भांडण गप्पांशी नाही. गप्पांनीच कर्तव्य संपले, या समजुतीशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पत्ता देणे सर्वांना परवडते का? कंत्राटी कामगाराने मत मांडले तर काम जाते. गावातल्या सावकाराविरुद्ध, सरपंचाविरुद्ध, वाळू उपसणाऱ्याविरुद्ध पत्ता देऊन बोलणे हे जिवावरचे काम ठरू शकते. माहिती मागणाऱ्यांवर या राज्यात प्राणघातक हल्ले झालेले आहेत. येथे मी लोकहितवादींचीच साक्ष काढीन. नाव झाका, पण गल्ली सांगा. ज्याला तेही शक्य नाही त्याच्या वतीने, ज्याला शक्य आहे त्याने सांगावे. पत्ता देण्याची ऐपत ज्यांच्यापाशी आहे, पगार महिन्याच्या महिन्याला येतो, घर स्वतःचे आहे, शेजारी मान देतात, असे आपण सुखवस्तू वाचकच सर्वांत बिनपत्त्याचे बोलतो, ही खरी खंत आहे. रेशनच्या रांगेतली मुलगी पत्ता देते, आणि दिवाणखान्यात आपण "काही खरे नाही" म्हणून उठतो.

८

मराठीत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण मत मांडतो आणि मत देतोही. दोन्हीला आपल्या भाषेने एकच शब्द ठेवला. मतदानाच्या दिवशी मात्र आपण किती काटेकोर असतो! यादीत नाव आहे का, भाग क्रमांक कोणता, खोली कोणती, ओळखपत्र बरोबर आहे का. आणि बाहेर आल्यावर बोटावरची शाई कौतुकाने दाखवतो. त्या मताला पत्ता असतो, तारीख असते, माप असते: एका माणसाला एक. फक्त ते मुके असते; कोणता खड्डा, कोणती शाळा, कोणते धरण, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगायचे काम उरलेल्या पाच वर्षांच्या मतांचे आहे. आणि त्या मतांना आपण तोंड देतो, पत्ता देत नाही. एका शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांना भेटत नाहीत, तोपर्यंत एक मुके आणि दुसरे वाऱ्यावरचे, अशीच दोघांची गत राहणार.

टीकाकाराने शेवटी काही सूचना करावी असा प्रघात आहे. माझी सूचना दिवाळी अंकांच्या संपादकांना आहे, आणि "झाली पाहिजे" या धर्तीची ती नाही. वर्षभरात वर्तमानपत्रांतून, शाळांच्या वह्यांतून, ग्रामपंचायतींच्या अर्जांतून अनेक पत्रे लिहिली जातात. त्यांतली पत्ता आणि माप असलेली पाच पत्रे त्यांनी निवडावीत, लिहिणाऱ्यांना विचारून, लागतील तेथे नावे झाकून, आणि कथा-कवितांच्या शेजारी, त्याच टाइपात, त्याच मानाने छापावीत. पत्राखाली एका ओळीत, त्याला काय उत्तर आले, तेही द्यावे. आले नसेल तर तसे लिहावे. पाच पत्रांना अंकाची चार पाने पुरतील. सव्वा पानाचे एक पत्र माझ्याकडे आहे, आणि ते पाठवायला त्या मुलीची आणि तिच्या आजीची परवानगी मी घेतली आहे.